तो नाही, एवढं तरी सांगा

घसरगुंडीच्या पायथ्याशी दोन पोरं एकमेकांवर आदळली आणि बाईंच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो आपलाच आहे हे त्यांना क्षणभर कळलं नाही.

तसं पाहिलं तर पाळणाघरात रोज कुणी ना कुणी आपटतंच. बाईंचं पाळणाघर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत होतं. एकीत रांगणारी आणि नुकती चालायला लागलेली, दुसरीत बालवाडीची, आणि मागे भिंतीआड एक छोटं अंगण. कामाला जाणारे आईबाप सकाळी पोरं सोडून जात आणि संध्याकाळी दमलेल्या चेहऱ्याने घेऊन जात. इतक्या वर्षांत बाईंनी एवढे गुडघे फुटलेले पाहिले होते, की एका हाताने जखम धुताना दुसऱ्या हाताने त्या कुणाचा तरी शेंबूड पुसायच्या आणि तोंडाने तिसऱ्यालाच दम भरायच्या. बाई घाबरल्यात असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र सगळ्यांनी पाहिलं.

आदळलेल्या दोघांतली एक भिंगरी. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ती एका जागी उभी राहिलेली कुणाच्या पाहण्यात नव्हती, म्हणून सगळे भिंगरीच म्हणत. गुबगुबीत, गालाला खळ्या, दुसऱ्याच्या डब्यातलं केळंही हक्काने खाणारी. दुसरा काडी. हा नावाला जागणारा. जरा ऊन लागलं की नाकातून रक्त, जरा गारठा पडला की खोकला. हजर कमी, गैरहजर जास्त. भिंगरी घसरगुंडीवर उलटी चढत होती आणि वरून काडी सुटला. तिचं कपाळ फुटलं, त्याचं नाक वाहायला लागलं. काडी रडला नाही, त्याला नाकाची सवयच होती. भिंगरीच्या भुवईवरून उतरणारा ओघळ पाहून तो पुसायला त्याने बिचाऱ्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" बाई ओरडल्या. "मागे हो! कुणी जवळ जायचं नाही! मावशी, सगळ्यांना आत घ्या, आधी आत घ्या!"

अंगण चिडीचूप झालं. मावशी, म्हणजे पाळणाघरातली मदतनीस, कडेवर एक आणि बोटाला एक पोर घेऊन दारातच थबकली. तिने बाईंचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि बाई जिकडे बघत होत्या तिकडे पाहिलं. तिकडे काडी उभा होता. शर्टाची छाती लाल, एक हात हवेत, आणि आपलं काय चुकलं ते न कळल्यामुळे आता मात्र रडवेला.

बाईंनी हातमोजे चढवले. भिंगरीचं कपाळ धुतलं, पट्टी लावली. मग मोजे बदलून काडीचं नाक दाबून धरलं, त्याचे हात साबणाने खळखळून धुतले, एकदा, परत एकदा. काडी म्हणाला, "बाई, दुखतंय." तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपण त्याची बोटं घासून घासून लाल केलीत.

भिंगरीला एचआयव्ही होता. जन्मापासूनचा. आई तिच्या पहिल्या वर्षातच गेली होती, बाप त्याच्याही आधी. आईच्या भावाने, मामाने, तिला आपल्याकडे आणलं. मामाचं कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं सलून होतं. लग्न केलं नव्हतं, आणि आता कुणी विचारतही नव्हतं. प्रवेशाच्या वेळी एका संध्याकाळी, सगळी पोरं गेल्यावर, तो दारात येऊन उभा राहिला होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं. रोजचं औषध घरीच देतो, एक दिवस चुकवत नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात तब्येत ठणठणीत आहे. आणि शेवटी, "तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन बाई. फक्त कुणाला सांगू नका."

बाई हो म्हणाल्या होत्या. त्याआधी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या होत्या, मनातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या शंका विचारून घेतल्या होत्या. एका ताटात जेवण, एका पेल्यातलं पाणी, पापे, शेंबूड, चड्डी बदलणं, यातल्या कशानेही काही होत नाही हे त्यांना पाठ होतं. रक्त कुणाचंही असो, हातमोजे घालायचे, हा नियमही त्यांनी तेव्हापासून सगळ्या पोरांसाठी लावला होता. मावशी कुरकुरली होती, "एवढ्याशा खरचटण्याला काय ते डॉक्टरी सोंग!" सगळं ठरलेलं होतं. आणि ऐन वेळी ठरलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून किंकाळी बाहेर पडली.

पोरं दुपारी झोपल्यावर बाईंनी अंगणात जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"त्याच्या हाताला जखम होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. पण हात लागला की नाही तेच मला नक्की आठवत नाही."

"लागला असता तरी धडधाकट कातडीतून काही जात नाही. आणि तिचं औषध इतकं नियमित आहे, की तपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही. दोघांनाही काही होणार नाही. तुम्ही का एवढ्या धापा टाकताय?"

"मी ओरडले हो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर ओरडले."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कुणी विचारलं तर एकच करा. नाव सांगायचं नाही. आणि 'अमका नाही' असंही सांगायचं नाही. एकदा वगळायला सुरुवात केलीत की मागे कोण उरतं ते लोक बरोबर काढतात."

बाई हो म्हणाल्या. तेव्हा ते सोपं वाटलं.

मावशीच्या पोटात काही राहत नसे. वाईट बाई नव्हती, पण संध्याकाळी फाटकाशी आयांची गर्दी झाली की तिची जीभ सैल सुटायची. जुळ्यांच्या आईला ती एवढंच म्हणाली, "काडीला काहीतरी मोठं दुखणं आहे वाटतं. बाईंच्या जिवाचं नुसतं पाणी पाणी झालं त्याचं रक्त बघून." बास. पुढचं काम लोकांनी केलं. बारकं पोर, सारखं आजारी, नाकातून रक्त, आणि हातमोजे. ज्याला त्याला सगळं आधीपासूनच कळत होतं असं वाटायला लागलं. चार दिवसांत तो शब्द फाटकाशी येऊन पोचला.

जुळ्यांची आई सकाळी पोरांना घेऊन आली, पण त्यांची बोटं सोडेना.

"बाई, मी भांडायला आलेली नाही," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालं होतं, झोप नसावी. "एवढंच सांगा. तोच ना?"

"मी कुणाच्याच मुलाच्या तब्येतीबद्दल दुसऱ्याशी बोलत नाही. तुमच्या मुलांबद्दलही कुणाशी बोलणार नाही."

"म्हणजे तोच."

"मी असं म्हटलेलं नाही."

"नाही असंही म्हणत नाही ना तुम्ही."

ती पोरांना घेऊन परत गेली. कामावर दांडी मारून घरी बसली असणार. बाईंना तिचा राग येईना, हीच पंचाईत होती. रात्ररात्र पोरांच्या उशाशी बसून नको ते वाचत राहणारी आई त्या ओळखत होत्या.

त्याच संध्याकाळी काडीची आई आली. ती बसकंडक्टर होती. नवरा दूर कुठे बांधकामावर, महिन्यामहिन्याने यायचा. भरलेल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज पाळणाघरात नेहमी हशा पिकवायचा. "चला, पुढे सरका, दारात गर्दी नको," म्हणत ती पोरांना फाटकातून आत ढकलायची. आज ती गणवेशातच होती आणि आवाज मात्र खोल गेलेला.

"आज ह्याला ड्युटीवर सोबत नेलं होतं," ती म्हणाली. "बरं नव्हतं म्हणून पाठवला नाही. मागच्या बाकावर बसवला. इथल्या कुरळ्याची आई चढली, ह्याच्या शेजारी जागा होती. ती बसली नाही. उभी राहिली, शेवटपर्यंत. का ते मला उतरताना दुसरीने सांगितलं."

बाईंनी काडीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"मला आहे का, नवऱ्याला आहे का, असं विचारतायत बाई. माझ्या नवऱ्याबद्दल काय काय बोलतायत ते तुमच्यासमोर म्हणवतसुद्धा नाही. तुम्ही एक शब्द बोललात तर तोंडं बंद होतील. तो नाही, एवढं तरी सांगा."

"मला तसं सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

"का? खरं आहे ना? माझ्या पोराला काही नाही, तुम्हाला माहीत आहे ना?"

"सांगता येत नाही हो. त्याचं नाही, आणि कुणाचंच नाही."

काडीच्या आईने मान वर केली. तिकीट न काढता बसलेला माणूस ती गर्दीतून नुसत्या नजरेने हुडकायची, तीच नजर आता बाईंवर रोखलेली होती.

"म्हणजे आहे कुणीतरी," ती हळूच म्हणाली.

बाईंनी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग होता! काडीची आई पोराला खांद्यावर टाकून निघून गेली. त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना निरोप धाडला, शनिवारी पालकांची सभा, डॉक्टरीणबाई बोलतील. निरोप धाडल्यावर वाटलं, ही आपण तिसरी चूक केली.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी आलीच नाही. मामाचा फोन लागेना. दुपारी पोरं झोपल्यावर मावशीला बसवून बाई सलूनमध्ये गेल्या. भिंगरी आतल्या पडद्यामागे झोपली होती, चटईबाहेर आलेले तिचे पाय दिसत होते. खुर्चीत जुळ्यांचे बाबा होते, गळ्यापर्यंत कापड गुंडाळलेलं, गालांवर फेस. मामाच्या हातात वस्तरा. बाई बाकावर टेकल्या आणि त्यांना वाटलं, आपण यायलाच नको होतं.

"बरं झालं बाई भेटलात," जुळ्यांचे बाबा आरशातूनच म्हणाले. "आमच्या घरात जेवण नाही की झोप नाही. तुम्ही त्या पोराला काढून का टाकत नाही? माणुसकी मलाही आहे. पण अशांसाठी वेगळी सोय असते ना कुठेतरी?"

"शनिवारी बोलू," बाई म्हणाल्या.

"शनिवारी काय बोलायचं? लहान पोरं ती, चावतात, ओरबाडतात. तुम्हीच सांगा मामा. तुमचीही भाची आहे तिथे. तुमच्या जिवाला घोर नाही लागला?"

मामाचा हात थांबला नाही. वस्तरा कानाशेजारून खाली आला, फेस पुसला गेला.

"बोलू नका साहेब," मामा म्हणाला. "हनुवटीवर आहे. कापेल."

पडद्यामागे भिंगरी कूस बदलून काहीतरी पुटपुटली. मामाने गाल पुसले, मान झटकली, आरसा मागे धरून दाखवला. जुळ्यांचे बाबा "छान" म्हणून, शनिवारी नक्की या म्हणून गेले.

मग मामा त्याच खुर्चीत बसला आणि वस्तरा टेबलावर ठेवताना तो दोनदा हातातून निसटला.

"मी शनिवारी उठून सांगतो," तो म्हणाला. "त्या पोराच्या नावाने हे चाललंय. त्याच्या आईला मी बसमध्ये रोज बघतो. माझ्याच्याने बघवत नाही."

"आणि मग?"

"मग काय! उद्यापासून माझ्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल? सलून बंद. दुसरं गाव, दुसरी शाळा. तिथेही परत हेच." त्याने पडद्याकडे पाहिलं. "तिला अजून काही माहीत नाही बाई. औषध घेतलं की भिंगरी आणखी जोरात फिरते, असं मी सांगून ठेवलंय. हे सगळं तिला गर्दीच्या तोंडून कळायला नको."

"तुम्ही उठायचं नाही," बाई म्हणाल्या. "आणि तिला उद्या पाठवा. ती यायची थांबली हेही लोक बघतात." हे इतकं ठामपणे आपण कशाच्या जोरावर सांगतोय ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी सभेच्या खुर्च्या मांडत असताना फोन वाजला. काडीची आई होती. मागे बसचा घरघराट.

"सकाळी ह्याला मोठ्या दवाखान्यात नेलं," ती म्हणाली. "नाकाचं एकदा काय ते बघून घ्या म्हणून. रक्त तपासायच्या रांगेत होते. समोर ते दुसरं दार, तिथं पाटी आहे, कशाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून कोण बाहेर आलं सांगू?"

बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"भिंगरी उड्या मारत बाहेर आली. मागे मामा, हातात औषधाची पिशवी. त्यानं मला पाहिलं नाही. मी खांबाआड झाले. का झाले कुणास ठाऊक."

"अहो..."

"थांबा, मला बोलू द्या. काडी काल विचारत होता, मी घाण आहे का म्हणून. जुळ्यांतला एक त्याला रस्त्यात म्हणाला. मी आज सांगणार आहे बाई. सगळ्यांसमोर. तुम्ही मला गप्प बस म्हणणार असाल तर आत्ताच म्हणा."

बाईंनी तोंड उघडलं. तुमच्या पाया पडते, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईच्या पोराला आपल्या एका किंकाळीने या फुफाट्यात लोटलं, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मला तो हक्क नाही," त्या म्हणाल्या. "पण मामाची आणि त्या पोरीची दुसरी कुठली जागा नाही, एवढं मला माहीत आहे."

पलीकडे शिट्टी वाजली, बस हलली, फोन बंद झाला.

सभेला सगळे आले. एरवी बोलावून न येणारे बापसुद्धा आले. पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं बसली की गुडघे हनुवटीला लागतात. दुसऱ्या एखाद्या वेळी बाईंना त्याचं हसू आलं असतं. मोठ्या खुर्च्या मोजक्याच होत्या, त्यातल्या एकीवर मामा मागच्या भिंतीशी बसला होता, मांडीवर भिंगरीचा स्वेटर. मावशी मुलांना घेऊन आतल्या खोलीत. काडीची आई सगळ्यांत शेवटी आली, गणवेशातच, आणि दाराशी उभी राहिली. तिच्या शेजारच्या दोघी सरकल्या. जागा दिली म्हणावी तर तिच्याजवळ कुणी उरलं नाही.

मामा उठला. खुर्ची उचलून तिच्यापाशी नेऊन ठेवली.

"ताई, बसा," तो म्हणाला. "दिवसभर उभ्याच असता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ती बसली आणि मामा जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

डॉक्टरीणबाई बोलल्या. सरळ, साधं बोलल्या. कशाने होतो, कशाने होत नाही. ओरबाडण्याने नाही, खेळण्याने नाही, एकमेकांचा डबा खाण्याने नाही. औषध चालू असलेलं मूल इतर मुलांसारखंच वाढतं. कुठल्याही शाळेत असं मूल असू शकतं आणि ते कुणाला कळायची गरजही नसते. लोक माना हलवत होते. पण ऐकणारे कान वेगळे आणि भ्यालेले कान वेगळे. त्यांचं बोलणं संपताच जुळ्यांची आई उठली.

"तुमचं सगळं पटतं डॉक्टर," ती म्हणाली. "पण मला एकदा कळू द्या कोण आहे ते. मी काही करणार नाही. नुसतं कळलं तर माझ्या जिवाला स्वस्थता येईल."

"बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं. "नाव सांगा, विषय मिटला."

"बाई, तुम्ही सांगा."

बाई उठल्या. "नाव मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पाळणाघर बंद पडलं तरी नाही. आणि त्या दिवशी अंगणात मी ओरडले, ती माझी चूक होती. मला सगळं ठाऊक असून मी भ्याले. मुलांचा त्यात काही..."

"म्हणजे आहे ना कुणीतरी!" जुळ्यांचे बाबा म्हणाले. एकदम गलका झाला. मामा भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढे आला. बाईंनी पाहिलं, तो आता बोलणार. आणि त्याच वेळी काडीची आई खुर्चीतून उठली.

"ए, शांत!" ती ओरडली, आणि बसभर पोचणारा तो आवाज त्या खोलीत असा घुमला की आतल्या खोलीतली पोरंही गप्प झाली. "किती वेळ तेच तेच? मी सांगते."

मामाचा चेहरा राखेसारखा झाला. बाईंनी डोळे मिटले.

"समजा, माझाच आहे," काडीची आई म्हणाली.

जुळ्यांच्या बाबांनी बायकोकडे पाहिलं.

"समजा काडीलाच आहे. बोला आता. काय करायचं त्याचं? उतरवायचं? कुठल्या स्टॉपवर?"

"तसं नाही हो," जुळ्यांची आई पुटपुटली.

"तसंच आहे. आठ दिवस तुम्ही त्याच्याशेजारी बसत नाही. वर्षभर तो तुमच्या पोरांच्या डब्यातलं खात होता, तुमची पोरं त्याच्या. झालं का कुणाला काही? तुमच्या जुळ्यांतल्या एकाने तर माझ्या पोराचा दंड चावला होता, मी काही बोलले का?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पण आहे की नाही, ते तरी..."

"सांगणार नाही. मी नाही म्हटलं की तुम्ही शेजारणीकडे वळाल. ती नाही म्हणाली की तिच्या शेजारणीकडे. शेवटी एका कुणाला तरी कोपऱ्यात गाठाल. माझं पोर सोमवारी इथे येणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं, नसेल यायचं त्याने..." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "त्याने येऊ नये. पण माझ्या पोराला पुन्हा कुणी घाण म्हटलं तर मी त्याच्या घरी येऊन बसेन."

सभा अशी संपली नाहीच. नुसती विरघळली. कुणी डॉक्टरीणबाईंभोवती गोळा झाले, कुणी पोरं उचलून न बोलता निघाले. कुरळ्याची आई काडीच्या आईपाशी आली, काहीतरी बोलायचं म्हणून, आणि नुसती तिच्या खांद्याला हात लावून गेली.

सगळे पांगल्यावर बाईंनी तिला अंगणात गाठलं. "का केलंत?" एवढंच त्यांना विचारता आलं.

"मला कुठे ठाऊक!" काडीची आई चिडून म्हणाली. "येताना त्याचं नाव तोंडात घेऊनच आले होते. आणि त्या माणसाने खुर्ची आणून दिली. रागच आला मला. म्हटलं, आता ह्याच्याकडे बोट कसं दाखवू? नसती दिली तर दाखवलं असतं बाई. खरंच दाखवलं असतं." मग थोड्या वेळाने, "मला पस्तावा होणार आहे याचा. बघा तुम्ही."

तसा तो झालाही. सोमवारी पोरं कमी आली. जुळी आली नाहीत, नंतरही कधी आली नाहीत. जुळ्यांच्या आईने म्हणे त्यांच्यासाठी नोकरीच सोडली. बाकीची एकेक करून परतली, त्यांच्या जागी नवी आली. पण काडीच्या अंगाला चिकटलेलं सहजासहजी निघालं नाही. त्याच्या सख्ख्या चुलतीने पोरांना त्याच्याशी खेळायची बंदी केली. नवरा फोनवर भांडला, कशाला ओढवून घेतलंस म्हणाला. नाकातल्या एका हळव्या शिरेचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी औषध दिलं, नाक बरं झालं, पण ते कुणी विचारायला आलं नाही. दोनतीनदा काडीची आई संध्याकाळी बाईंसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आज वाटतंय, सांगून टाकावं." बाई तिला चहा देत आणि तिचा कप रिकामा होईपर्यंत समोर बसून राहत. तिने सांगितलं नाही. सांगणार नाही याची खात्री मात्र बाईंना शेवटपर्यंत वाटली नाही.

मावशीने एक दिवस रडून कबूल केलं, की फाटकाशी आपणच बोललो. "तू काय बोललीस," बाई म्हणाल्या, "जे दिसलं तेच ना? दाखवलं मी."

वर्ष सरलं. मोठ्या शाळेत जायची पोरं निघाली, त्यांत भिंगरी आणि काडी दोघं. शेवटच्या दिवशी मामा भिंगरीला घ्यायला आला आणि पोरं अंगणात धुमाकूळ घालत असताना बाईंपाशी रेंगाळला.

"नव्या शाळेत सांगू का बाई?" त्याने विचारलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गरज नाही म्हणतात. कायद्यानेही सक्ती नाही म्हणतात. गरज तर तुम्हाला सांगायचीही नव्हती."

"मग मला का सांगितलंत?"

मामाने घसरगुंडीकडे पाहिलं. भिंगरी उलटी चढत होती आणि वर बसलेला काडी तिला हटायला सांगत होता.

"एकट्याला पेलत नव्हतं," तो म्हणाला.

बाईंना वाटलं, त्याला सांगावं की आता तो एकटा नाही, आणखी एक बाई आहे, जिने ते त्याच्या नकळत उचललंय. पण तेही त्यांचं सांगायचं नव्हतं.

"नका सांगू," त्या म्हणाल्या. आईबापांनी शाळेपासून काही लपवू नये, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. "तिथल्या बाई ओरडणार नाहीत, असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

मामाने मान हलवली. ते बरोबर होतं की चूक, दोघांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात वरून काडी सुटला. बाई धावल्या. पोरं मातीत एकमेकांवर पडली होती आणि खिदळत होती. कुणाला काही लागलं नव्हतं. तरीही बाईंनी दोघांची डोकी, कोपरं, गुडघे चाचपून पाहिले, आधी काडीचे, मग भिंगरीचे, आणि मगच त्यांना जाऊ दिलं.